आमची टीम आणि आमचा इन्साफ

फुटबॉलचा चाहता हा असा काजी असतो की ज्याला कोणी नेमलेले नसते, ज्याच्यापुढे आरोपी कधी हजर होत नाही आणि ज्याच्या निकालावर अपीलही नसते. पानठेल्यावर उभा राहून तो एका वाक्यात निकाल देतो. अमका खेळाडू पैशासाठी गेला, गद्दार निघाला. तमका सेक्रेटरी क्लब खाऊन बसला. पूर्वीचे लोक फरिश्ते होते, आताचे सगळे बाजारू आहेत. हे निकाल ऐकणारे मान डोलावतात आणि चहा संपला की उठून जातात. कोणाचे काही बिघडत नाही असे वरवर वाटते. परंतु माणूस ज्या तराजूने खेळातल्या माणसांना तोलतो, तोच तराजू घेऊन तो घरी, मशिदीत, शाळेत आणि अंजुमनच्या बैठकीतही जातो. म्हणून हा तराजू खरा आहे की खोटा, हे तपासणे आम्हाला निव्वळ खेळाची गोष्ट वाटत नाही. हा नीतीचा प्रश्न आहे.

आमच्या गोंदिया जिल्ह्याचे फुटबॉलच्या नकाशावर फारसे नाव नाही. 1 मे 1999 रोजी भंडाऱ्यातून वेगळा झालेला हा जिल्हा धानाच्या गिरण्या, तेंदूपत्ता आणि बिडीसाठी ओळखला जातो. पण मुंबई-हावडा लोहमार्ग आमच्या गावातून जातो, ही साधी बाब नाही. या मार्गावर नागपूरच्या बाजूला कामठी आहे. तिथे इंग्रजांच्या छावणीबरोबर फुटबॉल आला आणि छावणीच्या कुंपणाबाहेर येऊन मुस्लिम मोहल्ल्यांत रुजला. दुसऱ्या टोकाला हावडा, म्हणजे कलकत्ता, म्हणजे भारतीय फुटबॉलची राजधानी. या दोन गावांच्या मधे आम्ही आहोत. तेंदूपत्त्याच्या आणि तांदळाच्या व्यापाराबरोबर, रेडिओ आणि उर्दू वर्तमानपत्रांबरोबर एक नाव या मार्गाने आमच्या बुजुर्गांपर्यंत पोचले : मोहम्मेडन स्पोर्टिंग. कलकत्त्याचे मैदान कधी डोळ्यांनी न पाहिलेली माणसेही या संघाला 'आपली टीम' म्हणत आली आहेत. आजची मुले मेस्सी आणि रोनाल्डोवरून भांडतात, तरी मोहम्मेडनचे नाव निघाले की घरातला एखादा वयस्क माणूस सावरून बसतो. त्यामुळे चाहत्याच्या न्यायाचा विचार करायचा तर याच क्लबचे उदाहरण घेणे योग्य होईल.

आधी इतिहास नीट पाहू. कारण चाहत्याचा पहिला गुन्हा इतिहासावरच घडतो. मोहम्मेडन स्पोर्टिंग क्लबची स्थापना 1891 सालची. 1934 मध्ये हा संघ कलकत्ता लीगच्या पहिल्या विभागात प्रथमच खेळला आणि त्याच वर्षी अजिंक्य ठरला. ही लीग जिंकणारा तो पहिला भारतीय संघ. त्याआधी हा मान गोऱ्या पलटणींचा आणि युरोपियन क्लबांचा होता. मग 1935, 1936, 1937 आणि 1938 अशी लागोपाठ पाच वर्षे लीग त्याच्याकडे राहिली. 1936 साली आयएफए शील्डही मिळाली. 1940 मध्ये मुंबईचा रोव्हर्स कप आणि दिल्लीत रॉयल वॉरविकशायर रेजिमेंटला 2-1 असे हरवून ड्युरंड कप त्याने जिंकला. पलटणींच्या मक्तेदारीचा ड्युरंड कप जिंकणारा हा पहिला भारतीय संघ होता. गुलामीच्या काळात या विजयांनी देशातल्या मुसलमानांना काय दिले असेल, ते शब्दांत सांगणे कठीण आहे.

हे यश कसे आले? आमच्याकडे या प्रश्नाचे उत्तर 'जज्बा' या एका शब्दात देण्याची पद्धत आहे. जज्बा होताच, पण तेवढ्याने बंगालच्या पावसात सामने जिंकता येत नाहीत. त्या काळी बहुतेक भारतीय खेळाडू अनवाणी खेळत. मैदान कोरडे असेपर्यंत ते ठीक होते. पाऊस पडला की चिखलात पाय घसरायचा आणि बूट घातलेला गोरा खेळाडू वरचढ ठरायचा. मोहम्मेडनच्या कारभाऱ्यांनी ओल्या मैदानासाठी हलके बूट आणले आणि खेळाडूंना त्यांची सवय लावली. दुसरे म्हणजे त्यांनी फक्त कलकत्त्यातल्या पोरांवर भागवले नाही. बंगळूर, हैदराबाद, क्वेट्टा, पेशावर अशा दूरदूरच्या ठिकाणांहून खेळाडू शोधून आणले. म्हणजे त्या सोनेरी काळामागे डोळसपणा होता, खर्चाचे नियोजन होते, माणसांची पारख होती. एका शब्दात सांगायचे तर चांगली व्यवस्था होती. आपण मात्र त्या कारभाऱ्यांना बुजुर्ग म्हणून सलाम करतो आणि त्यांची पद्धत विसरतो. त्यांची आठवण अत्तरासारखी लावायची आणि त्यांच्या कामाकडे पाहायचे नाही, हा त्यांच्यावर झालेला पहिला अन्याय होय.

चाहत्याच्या भाषेचे व्याकरण तर फारच बोलके आहे. संघ जिंकला की तो म्हणतो, 'आपण जिंकलो.' संघ हरला की म्हणतो, 'हे लोक हरले.' विजयात प्रथमपुरुष, पराभवात तृतीयपुरुष. विजयाचा वाटा तर हवा, पराभवाचा भार मात्र नको. व्यापारात असा भागीदार कोणी ठेवील काय? नफ्यात हिस्सा आणि तोट्यात हात वर, याला आपण भागीदारी म्हणत नाही, लबाडी म्हणतो. मग प्रेमात ती चालते कशी?

आता खेळाडूच्या निष्ठेकडे येऊ. चाहत्याच्या दरबारात सर्वांत जड शब्द 'गद्दार' हा आहे, आणि तो सर्वांत स्वस्तही आहे. महंमद सलीमचे उदाहरण घ्या. मोहम्मेडनच्या पहिल्या विजयी पर्वातला हा खेळाडू 1936 साली स्कॉटलंडला गेला आणि ग्लासगोच्या सेल्टिक क्लबकडून दोन सामने खेळला, तेही पायाला पट्ट्या गुंडाळून, बुटांशिवाय. युरोपातल्या क्लबकडून खेळणारा तो पहिला भारतीय मानला जातो. तिथल्या वर्तमानपत्रांनी त्याचे कौतुक केले. पण त्याला घराची ओढ लागली आणि तो परत आला. आपले लोक ही गोष्ट मोठ्या अभिमानाने सांगतात. गोऱ्यांनी थांब म्हटले तरी तो थांबला नाही, कौमकडे परत आला. ठीक आहे. पण समजा तो थांबला असता, तिथे नाव कमावले असते, तर? त्याच्या पायांतली कला तीच राहिली असती, त्याची नीयतही तीच. फक्त आपल्या सोयीचा शेवट झाला नसता, म्हणून आपण त्याला वेगळे नाव दिले असते काय? ज्या निकालाचा आधार माणसाचे कर्म नसून आपली सोय आहे, त्याला इन्साफ म्हणता येत नाही.

याच्या उलट उदाहरण हैदराबादच्या महंमद हबीबचे. 1970 च्या आशियाई स्पर्धेत ब्राँझपदक मिळवणाऱ्या भारतीय संघात तो होता. त्या संघाचा कप्तान हैदराबादचाच सय्यद नईमुद्दीन होता. हबीब मोहम्मेडनकडून खेळला, ईस्ट बंगालकडून खेळला आणि मोहन बागानकडूनही खेळला. नईमुद्दीननेही हे तिन्ही रंग अंगावर घातले. कलकत्त्यात दरवर्षी खेळाडूंच्या संघबदलाचा हंगाम येई तेव्हा घराघरांत भांडणे होत. ज्याने आज या संघाचा तंबू सोडला, त्याला इथले लोक शिव्या देत आणि तिथले लोक खांद्यावर घेत. दुसऱ्या वर्षी उलटे. 15 ऑगस्ट 2023 रोजी हबीबचे निधन झाले तेव्हा तिन्ही क्लबांचे चाहते हळहळले. कारण त्याने जिथे खेळला तिथे अंग झाडून मेहनत केली, हे सर्वांनीच पाहिले होते. निष्ठेचा अर्थ इथे सापडतो असे आम्हाला वाटते. ज्याच्याशी करार केला, त्याचे काम करार असेपर्यंत पूर्ण इमानाने करणे, ही निष्ठा. करार म्हणजे अहद, आणि अहद पाळण्याची ताकीद आपल्या धर्मात किती कडक आहे हे सांगायला नको. परंतु अहद संपल्यावरही माणसाने जन्मभर बांधून घ्यावे, ही मागणी निष्ठेची नाही, मालकीची आहे. फुटबॉलपटूचे खेळण्याचे आयुष्य दहा-बारा वर्षांचे. गुडघा गेला की खेळ गेला. त्या दहा-बारा वर्षांत त्याला आईबापाचे घर, बहिणींची लग्ने आणि स्वतःचे म्हातारपण यांची तजवीज करायची असते. चाहत्याला फक्त नव्वद मिनिटे दिसतात.

अहदला दोन बाजू असतात ही गोष्ट चाहता सहसा विसरतो. मजुराची मजुरी त्याचा घाम वाळण्याआधी द्यावी, ही हजरत पैगंबरांची (स.) शिकवण आपल्या मुलांना लहानपणीच पाठ असते. ती शेतमजुराला लागू आहे, बिडी वळणाऱ्या बाईला लागू आहे, तशीच मैदानावर घाम गाळणाऱ्यालाही लागू आहे. नजीकचा दाखला घ्या. मोहम्मेडनने 2023-24 ची आय-लीग जिंकली. 6 एप्रिल 2024 रोजी शिलाँग लाजोंगला हरवून विजेतेपद पक्के झाले आणि क्लबला इंडियन सुपर लीगचे दार उघडले. त्या दिवशी मिठाई वाटली गेली. पण 2024-25 च्या त्या पहिल्याच हंगामात संघ तळाला राहिला. हंगामाच्या मध्यावर खेळाडूंचे पगार थकल्याच्या बातम्या आल्या, आणि ज्याच्या हाताखाली आय-लीग जिंकली तो रशियन प्रशिक्षक आंद्रेई चेर्निशॉव्ह थकबाकीच्याच कारणावरून सोडून गेला. यावर मोहल्ल्यांत काय बोलले गेले? 'खेळाडूंच्या अंगात जानच नाही, यांना क्लबच्या नावाची कदर नाही.' ज्याचा पगार अडला आहे त्याच्याकडून कदर मागायची, आणि ज्याने पगार अडवला त्याला साधा प्रश्नही विचारायचा नाही! हा कोणता तराजू? बाहेरून आलेल्या खेळाडूला तोलताना आपण शेर वापरतो आणि आपल्याच कारभाऱ्याला तोलताना गुंज.

असे का होते? कारण कारभारी 'आपला' असतो. इथे आपल्या परंपरेतला एक मोठा इशारा आठवतो. कुरआनमधल्या सूरह निसामध्ये इन्साफावर कायम राहण्याचा हुकूम आहे, मग ती साक्ष स्वतःच्या, आईबापाच्या किंवा नातेवाइकांच्या विरुद्ध का जाईना. सूरह माइदामध्ये त्याची दुसरी बाजू आहे : एखाद्या समूहाशी असलेल्या वैरामुळे इन्साफ सोडू नका. म्हणजे प्रेम आणि द्वेष, दोन्ही इन्साफाचे शत्रू होऊ शकतात. अत्याचारी भावालाही मदत करा असे पैगंबरांनी (स.) सांगितले तेव्हा सहाबींनी विचारले की अत्याचाऱ्याला मदत कशी करायची. त्याला अत्याचारापासून रोखणे हीच त्याला मदत, असा त्या उत्तराचा आशय आहे. चाहत्यासाठी यापेक्षा चांगला नियम नाही. आपल्या टीमवर प्रेम आहे ना? मग तिच्या कारभाराने खेळाडूची मजुरी बुडवली तर त्याचा हात धरा. हे प्रेम आहे. चुकीत साथ देणे ही असबियत आहे, आणि तिला आपल्या दीनमध्ये जागा नाही.

आता काही जण म्हणतील की व्यवस्थापनाबद्दल बोलणे म्हणजे गीबत झाली. ही शंका खोटी नाही. सूरह हुजुरातमध्ये बदगुमानी, दुसऱ्याचे दोष हुडकणे, पाठीमागे निंदा आणि वाईट नावे ठेवणे या सर्वांची एका ठिकाणी मनाई आहे. पानठेल्यावरच्या फुटबॉलचर्चेत हे चारही प्रकार एका कपात मिळतात. पण इमाम नववींनी 'रियाजुस्सालिहीन'मध्ये अशा काही स्थिती सांगितल्या आहेत, जिथे दुसऱ्याचा दोष बोलणे गीबत ठरत नाही. जुलुमाची दाद मागणे, वाईट गोष्ट बदलण्यासाठी मदत मागणे, लोकांना नुकसानीपासून सावध करणे ही त्यांतली काही. म्हणजे फरक हेतूचा आणि जागेचा आहे. हिसाब मागणे आणि बदनामी करणे यांत अंतर आहे. हिसाब समोर मागतात, कागद पाहून मागतात, आणि उत्तर मिळाले तर ऐकून घेतात. बदनामी पाठीमागे होते, ऐकीव गोष्टीवर होते, आणि तिला उत्तर नकोच असते.

हजरत उमर (रजि.) यांची रिवायत प्रसिद्ध आहे. कापडाच्या वाटणीत प्रत्येकाला एकच तुकडा आला असता खलीफाच्या अंगावरचा कुर्ता एका तुकड्यात होण्यासारखा नव्हता. भर सभेत त्यांना विचारले गेले की हे कसे. त्यांनी विचारणाऱ्याला गप्प बसवले नाही, आपल्या मुलाला उभे केले. मुलाने सांगितले की त्याने आपला तुकडा वडिलांना दिला. झाले, शंका मिटली आणि सभा पुढे चालू झाली. इथे विचारणाऱ्याला कोणी 'गद्दार' म्हटले नाही आणि उत्तर मिळाल्यावर विचारणाराही आरोप करीत बसला नाही. खलीफाला कुर्त्याचा हिसाब विचारता येतो, तर क्लबच्या सेक्रेटरीला बँकेच्या खात्याचा हिसाब का विचारता येऊ नये?

पण चाहत्याला हा हक्क मिळाला कुठून? तो तर ना भागधारक, ना सभासद. हा प्रश्न विचारण्यासारखा आहे. आपल्याच राज्यातले महिंद्र युनायटेडचे उदाहरण यावर प्रकाश टाकते. मुंबईचा हा संघ एका कंपनीचा होता. 2005-06 साली त्याने राष्ट्रीय लीग जिंकली. 2010 मध्ये कंपनीने हंगामाअखेर संघ बंद केला. पंजाबचा जेसीटी 1996-97 ची पहिली राष्ट्रीय लीग जिंकणारा संघ. 2011 मध्ये तोही बंद झाला. कायद्याने पाहता मालकाने आपली वस्तू आवरली, यात गैर काही नाही. तरीही रविवारी कुपरेज मैदानावर जाऊन गळा बसेपर्यंत ओरडणाऱ्याचे काहीतरी गेले. जे गेले ते कोणत्याच खतावणीत लिहिलेले नव्हते, म्हणून कोणी भरपाईही दिली नाही. खाजगी मालकीचा संघ असा एका ठरावाने संपतो. मोहम्मेडनसारख्या क्लबचे तसे होत नाही. तो कोणाच्या एकट्याच्या मालकीचा नसल्यामुळे हाल होऊनही तो जिवंत राहतो. पण याच कारणाने त्याचा जबाबदारही कोणी सापडत नाही. एकीकडे मालक आहे पण अमानतीची जाणीव नाही, दुसरीकडे अमानत आहे पण तिचा रखवालदार कोण ते कळत नाही.

आमच्या मते असा क्लब वक्फच्या जातीचा असतो. कायद्याने नव्हे, अर्थाने. वक्फची मालमत्ता मुतवल्लीची नसते, तो फक्त राखणदार असतो. ज्यांच्यासाठी वक्फ केला त्यांना विचारण्याचा हक्क असतो. चाहत्याने पिढ्यान्पिढ्या तिकिटाचे पैसे, झोप, आवाज आणि दुआ दिल्या आहेत. त्यातूनच क्लबचे नाव मोठे झाले, आणि या नावावरच आजचा कारभारी खुर्चीत बसला आहे. म्हणून चाहत्याचा हक्क खरा आहे. पण तो हिसाबाचा हक्क आहे, अपमानाचा नाही. वक्फचा लाभार्थी मुतवल्लीला प्रश्न विचारू शकतो, मशिदीतल्या मुअज्जिनला शिव्या देऊ शकत नाही.

'आपली टीम' यातला 'आपली' हा शब्दही जरा उलगडून पाहायला हवा. 1930 च्या दशकात क्लबच्या विजयांबरोबर त्या काळचे राजकारणही येऊन चिकटले. मग फाळणी झाली. काही खेळाडू आणि आश्रयदाते सीमेपलीकडे गेले, काही इथेच राहिले. गेलेल्यांना एका बाजूने आणि राहिलेल्यांना दुसऱ्या बाजूने नावे ठेवली गेली. पण फाळणीनंतर एका वर्षाच्या आत, 1948 साली, याच नावाच्या संघाने कलकत्त्यातच पुन्हा लीग जिंकली. तो विजय आपल्याकडे 1934 इतका सांगितला जात नाही. आम्हाला मात्र तो अधिक मोलाचा वाटतो. आजूबाजूला सगळे उद्ध्वस्त झालेले असताना, आपल्याकडे संशयाने पाहिले जात असताना, मैदानावर उतरून नियमाने खेळणे आणि जिंकणे याला फार मोठे काळीज लागते.

पुढे 1960 च्या दशकात क्लबने गैरमुस्लिम खेळाडूंसाठी दारे उघडली. 1980 च्या दशकात इराणचे माजिद बिश्कर आणि जमशेद नसिरी आले, 1985 मध्ये नायजेरियाचा चिमा ओकोरी आला. 1981 नंतर लीगसाठी चाळीस वर्षे वाट पाहावी लागली. ती प्रतीक्षा 2021 साली संपली तेव्हा अंतिम सामन्यातला एकमेव गोल त्रिनिदादच्या मार्कस जोसेफने केला होता. त्या रात्री कलकत्त्यात आनंदाने रडणाऱ्या म्हाताऱ्यांपैकी कोणी त्याला त्याची जात, पंथ किंवा देश विचारला असेल काय? मग तोच किंवा त्याच्यासारखा खेळाडू पुढच्या वर्षी चुकला, की तो एकदम 'बाहेरचा' का होतो? ज्याने आपल्या नावासाठी घाम गाळला तो आपला. 'आपला' ठरवण्याची दुसरी कोणतीही कसोटी आम्हाला इन्साफाची वाटत नाही.

आता गेलेल्यांविषयी. सय्यद अब्दुल रहीम यांचे नाव 2024 च्या 'मैदान' चित्रपटामुळे नव्या पिढीला कळले, हे चांगले झाले. हैदराबादचा हा शाळामास्तर. त्यांच्या शिकवणीखाली हैदराबाद सिटी पोलीस संघाने 1950 ते 1954 अशी लागोपाठ पाच वर्षे मुंबईचा रोव्हर्स कप नेला. त्यांच्याच मार्गदर्शनाखाली भारताने 1951 आणि 1962 च्या आशियाई स्पर्धांत सुवर्णपदक मिळवले आणि 1956 च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथा क्रमांक गाठला. जाकार्ताच्या अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाला 2-1 ने हरवले तेव्हा रहीमसाहेबांना कर्करोग झालेला होता. पुढच्याच वर्षी, जून 1963 मध्ये, ते गेले. भारताला आशियाई स्पर्धेतले फुटबॉलचे सुवर्ण त्यानंतर मिळालेले नाही. मास्तर लोकांनी अभिमान बाळगावा असे हे आयुष्य आहे, आणि आम्हीही तो बाळगतो. परंतु 'रहीमसाहेब असते तर' या वाक्याचा वापर ज्या प्रकारे केला जातो, तो पाहा. त्यात रहीमसाहेबांकडून शिकणे कमी आणि आजच्या प्रशिक्षकाला खाली दाखवणे अधिक असते. मेलेल्याला काठी करून जिवंताला मारणे हा दोघांचाही अपमान आहे. मेलेल्याला विचारता येत नाही की तुमच्या नावाने हे चालले आहे, मंजूर आहे का? आणि जिवंत माणूस आठवणीशी सामना जिंकू शकत नाही, कारण आठवण कधी गोल खात नाही.

रहीमसाहेबही प्रत्येक स्पर्धा जिंकले नव्हते. 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये त्यांच्या संघाला युगोस्लाव्हियाने 10-1 असे हरवले होते. त्या दिवशी चाहत्यांचा निकाल अखेरचा मानला असता तर 1956 आणि 1962 कधी आलेच नसते. हे दहा गोल लक्षात ठेवणे म्हणजे त्यांचा अनादर नव्हे. उलट त्यानंतर त्यांनी काय घडवले याची किंमत त्यामुळेच कळते. बुजुर्गांना फरिश्ते बनवले की त्यांच्याकडून काही शिकता येत नाही. फरिश्त्यांचे अनुकरण माणसाला जमत नाही, माणसांचे जमते.

हे सर्व लिहिताना फुटबॉलच्या मैदानाबाहेरचे एक चित्र आमच्या नजरेपुढे सतत येत राहिले. आपल्या शाळा, वसतिगृहे, अंजुमन, मशिदींच्या कमिट्या यांची गोष्ट वेगळी आहे काय? तिथेही एक सोनेरी जमाना असतो, भिंतीवर संस्थापकाची तसबीर असते. तिथेही कमी पगारावर, कधी महिनोन्महिने पगाराविना काम करणारा शिक्षक सरकारी नोकरी लागून गेला की 'कौमची खिदमत सोडून गेला' असे म्हणतात. त्याला वेळेवर पगार का मिळाला नाही, हे मात्र कोणी विचारत नाही. आणि विचारलेच तर 'घरची गोष्ट बाहेर नेऊ नका' असे उत्तर मिळते. कारभाऱ्यांतही अनेक जण खिशातले घालून, घरच्यांची बोलणी खाऊन संस्था चालवतात, आणि तेही पानठेल्यावर चोर ठरतात. दोन्हीकडे तोच खोटा तराजू. त्याने प्रामाणिक कारभारी निराश होतो आणि अप्रामाणिक कारभारी निश्चिंत होतो, कारण सगळ्यांनाच चोर म्हणणाऱ्या लोकांत खरा चोर सुरक्षित असतो.

म्हणून आमचे म्हणणे इतकेच आहे की निकाल देण्याआधी चाहत्याने स्वतःला काही साधे प्रश्न विचारावेत. जो खेळाडू गेला, त्याला ठरलेले मिळाले होते काय? जो कारभारी वाईट ठरला, त्याच्याविषयी आपल्याला माहिती आहे की नुसते ऐकलेले आहे? हेच काम दुसऱ्या संघाच्या माणसाने केले असते, तर आपण हाच शब्द वापरला असता काय? आणि जे बोलतो आहोत, ते तो समोर असता तर बोललो असतो काय? या प्रश्नांनी चाहत्याची मजा कमी होईल, असे कोणी म्हणेल. आम्हाला तसे वाटत नाही. सामना पाहताना ओरडा, रडा, पंचाला बोल लावा, तो नव्वद मिनिटांचा मामला आहे. पण शिट्टी वाजल्यानंतर माणसाच्या नावापुढे कायमचे विशेषण लावण्याची जबाबदारी फार मोठी आहे. आपल्या प्रत्येक शब्दाची नोंद होते असे मानणारी आपण माणसे आहोत. खेळाविषयी बोललेले शब्द त्या नोंदीतून वगळले जातात, असे कुठेही सांगितलेले नाही.

आमच्या मोहल्ल्यांतली पोरे आजही धान कापून झालेल्या बांधीत चेंडू मारतात. त्यांतला एखादा उद्या कामठीला, नागपूरला, कोणी सांगावे कलकत्त्यालाही जाईल. तो चांगला खेळेल, कधी वाईटही खेळेल, कदाचित एक संघ सोडून दुसऱ्यात जाईल. त्या दिवशी त्याच्याविषयी बोलणारे आपणच असू. अल्लाह आपल्याला प्रेम करण्याची ताकद देतो, तशीच त्या प्रेमात इन्साफ राखण्याची तौफीकही देवो.